खाऊच्या रूपातली मात्रा

घरोघरी बाळगुटी उगाळली जायची तेव्हा प्रत्येक मुळीचे वेढे ठरलेले असत. बदाम-खारकेचे वेढे सढळ हाताने पडत, हिरडा आणि वेखंड मोजून, आणि जायफळाचा जेमतेम एक; कारण जायफळ जास्त झाले की मूल गुंगीत पडते, हे उगाळणारीला पक्के ठाऊक असे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला काहीही देऊ नका, असे आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि ते बरोबरच आहे, त्यामुळे इथे गुटीची भलामण करायची नाही. लक्ष वेधायचे आहे ते वेढ्यांकडे. मोजणारा हात मोठ्या माणसाचा होता, गिळणारे तोंड मुलाचे होते, आणि कडूपणामुळे त्या तोंडाला आणखी मागायची इच्छाच होत नसे. औषध आणि खाऊ यांच्यातली सीमा जिभेलाच कळत होती. जीवनसत्त्वांच्या गमीने नेमकी ही सीमा पुसली आहे. मऊ, रंगीत, संत्र्याच्या किंवा स्ट्रॉबेरीच्या चवीची, अस्वलाच्या नाहीतर ताऱ्याच्या आकाराची ही वस्तू पोटात जायला हवी ती औषधासारख्या मोजक्या प्रमाणात, पण दिसते, वास येतो आणि चव लागते ती गोळ्या-चॉकलेटांसारखी. गमीतले जीवनसत्त्व गोळीतल्याहून अधिक घातक नसते. घातक ठरते ते तिचे रूप, कारण ‘आता पुरे’ ही सूचना त्या रूपात कुठेच नाही. ती सूचना कुणीतरी बाहेरून द्यावी लागते आणि ते काम घरातल्या मोठ्या माणसाचे आहे.

ही भीती काल्पनिक नाही. तिचा इतिहास पाऊणशे वर्षांचा आहे. १९४७ साली अमेरिकेत लहान मुलांसाठी संत्र्याच्या चवीची ॲस्पिरिनची छोटी गोळी बाजारात आली. आयांना ती आवडली, कारण ताप आलेले मूल ती हसत घेई. पुढच्या काही वर्षांत ॲस्पिरिनची विषबाधा झालेली मुले तिथल्या रुग्णालयांत मोठ्या संख्येने येऊ लागली. गोळीत नवे विष आले नव्हते. मुलांनी बाटली शोधून काढली होती आणि खाऊ समजून रिकामी केली होती. त्यावर शोधलेले उपाय आजही शिकण्यासारखे आहेत. एका बाटलीत छत्तीसच गोळ्या ठेवायच्या, म्हणजे सगळी बाटली पोटात गेली तरी जीव जाण्याचा संभव कमी. झाकण असे की ते दाबून फिरवल्याशिवाय उघडू नये. १९७० मध्ये सुरक्षित वेष्टनाचा कायदाच झाला, आणि त्यानंतर ॲस्पिरिनने होणारे बालमृत्यू झपाट्याने घटले. ‘मुलांवर लक्ष ठेवा’ हा उपदेश तर आधीपासूनच होता. आकडे खाली आले ते वस्तूचीच मांडणी बदलल्यावर.

जीवनसत्त्वांनी त्याच वाटेने प्रवास केला. १९६८ मध्ये फ्लिंटस्टोन्स या कार्टूनमधल्या पात्रांच्या आकाराच्या चघळायच्या जीवनसत्त्व-गोळ्या अमेरिकेत आल्या आणि मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत त्यांच्या जाहिराती दिसू लागल्या. औषधाच्या कपाटातली वस्तू थेट मुलाला विकू नये, असा आग्रह पालकांच्या एका संघटनेने धरला. तो इतका नेटाने की १९७२ मध्ये तीन कंपन्यांनी मुलांच्या कार्यक्रमांतून या जाहिराती मागे घेतल्या. १९७७ मध्ये स्पायडरमॅनचे नाव लावलेल्या जीवनसत्त्वांच्या जाहिराती मुलांसमोर आणण्यावर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने बंधन घातले. शतकाच्या अखेरीस गमी आली आणि खाऊशी असलेले साम्य पूर्ण झाले. चघळायच्या गोळीला निदान खडूसारखी चव तरी होती. २००६ मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात हाँगकाँगच्या डॉक्टरांनी तीन मुलांची नोंद प्रसिद्ध केली. खाऊसारख्या दिसणाऱ्या चघळायच्या जीवनसत्त्व-गोळ्या भरपूर खाल्ल्यामुळे त्यांच्या शरीरात ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला होता.

आता ‘भरपूर’ म्हणजे किती? इथे आकड्यांशिवाय बोलणे म्हणजे उगाच घाबरवणे, नाहीतर उगाच धीर देणे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने प्रत्येक वयासाठी रोजच्या सेवनाची एक वरची मर्यादा सांगितली आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी तयार ‘अ’ जीवनसत्त्वाची, म्हणजे रेटिनॉलची, मर्यादा ६०० मायक्रोग्रॅम आहे. चार ते आठ वर्षांसाठी ९०० आणि प्रौढांसाठी ३०००. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी एक ते तीन वर्षांना २५०० आययू (आंतरराष्ट्रीय एकके), चार ते आठ वर्षांना ३०००, त्यापुढे ४०००. जस्तासाठी हेच आकडे ७ मिलिग्रॅम, १२ मिलिग्रॅम आणि प्रौढांना ४० मिलिग्रॅम. यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी की वय जितके कमी तितके गरज आणि मर्यादा यांच्यातले अंतर अरुंद. तीन वर्षांच्या मुलाला रेटिनॉल दिवसाला सुमारे ३०० मायक्रोग्रॅम लागते आणि मर्यादा ६०० आहे. म्हणजे गरजेच्या दुपटीवरच रेषा येते. समजा, एका बाटलीवर लिहिले आहे की दोन गमींत ३०० मायक्रोग्रॅम रेटिनॉल आणि ४ मिलिग्रॅम जस्त आहे. मुलाने दोनऐवजी चार खाल्ल्या, तर रेटिनॉल मर्यादेवर टेकले आणि जस्त तिच्या पुढे गेले. दूध, अंडे, जेवण, दुधात घालायची पावडर यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

पण ही रेषा म्हणजे कडेलोट नव्हे, हेही त्याच प्रामाणिकपणे सांगायला हवे. मर्यादा ठरवताना तज्ज्ञ सुरक्षिततेसाठी मोठे अंतर सोडतात आणि ती रोज, दीर्घकाळ होणाऱ्या सेवनासाठी असते. वरच्या उदाहरणातल्या बाटलीत साठ गमी असतील, तर तिच्यात एकूण ९००० मायक्रोग्रॅम रेटिनॉल भरते. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात एक वर्षापुढच्या मुलाला दर सहा महिन्यांनी पाजला जाणारा ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस दोन लाख आययू, म्हणजे ६०,००० मायक्रोग्रॅम असतो. तो मुलांना एकदम दिला जातो आणि बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही, कारण यकृत ते साठवून पुढचे महिने पुरवून वापरते. दिवसाला वाटून पाहिले तर तो जेमतेम ३३३ मायक्रोग्रॅम पडतो. तेव्हा लोह नसलेल्या साध्या गमी मुलाने एखाद्या दुपारी मूठभर खाल्ल्या, तर बहुधा पोट बिघडण्यापलीकडे काही होत नाही. खरी काळजी रोजच्या दोनच्या चार होण्याची. साठवण्याची जी शक्ती सहामाही डोस निभावून नेते, तीच शक्ती रोजचा थोडा-थोडा जादा भरही महिनोन्महिने गोळा करत राहते. अ, ड, ई आणि के ही स्निग्धात विरघळणारी जीवनसत्त्वे लघवीवाटे सहजी निघून जात नाहीत. ‘अ’ साठले की डोकेदुखी, उलट्या, सोलवटणारी त्वचा, हाडांचे दुखणे अशी लक्षणे दिसतात. १५९७ साली आर्क्टिकमध्ये अडकलेल्या डच खलाशांनी ध्रुवीय अस्वलाचे यकृत खाल्ले आणि त्यांची कातडी सोलून निघाली, असे त्यांच्यातल्या एकाने लिहून ठेवले. त्या यकृतात विष नव्हते, ‘अ’ जीवनसत्त्वाचा प्रचंड साठा होता, हे कळायला १९४३ साल उजाडावे लागले.

मोजायचे ठरवले तरी मोजणे सोपे नाही, आणि हा दोष पालकांचा नव्हे. बाटलीच्या दर्शनी बाजूवर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा कधी एका गमीचा असतो, कधी एका ‘सर्व्हिंग’चा, आणि सर्व्हिंग म्हणजे दोन, तीन किंवा चार गमी हे मागच्या बाजूला बारीक टाइपात असते. एकके बदलतात. ‘ड’ जीवनसत्त्वाचा १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. रेटिनॉलचा १ मायक्रोग्रॅम म्हणजे साधारण ३.३ आययू. एकाच बाटलीवर दोन जीवनसत्त्वांसाठी दोन वेगळे हिशेब. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे, आणि घाईत वाचणाऱ्याला तो दिसत नाही. शिकागोहून किंवा न्यू जर्सीहून सुट्टीला येणाऱ्या आत्या-काकांच्या बॅगेतून आलेली मोठी बाटली अनेकदा प्रौढांसाठीची असते. तिच्यातल्या ‘ड’च्या दोन गमींत २००० आययू असू शकतात, आणि रंगरूपात ती मुलांच्या बाटलीहून फारशी वेगळी दिसत नाही. त्यात गमी ही उत्पादनाच्या दृष्टीने अवघड वस्तू आहे. ओलावा, आम्ल आणि उष्णता यांत जीवनसत्त्वे हळूहळू नष्ट होतात, म्हणून मुदत संपेपर्यंत लेबलवरचा आकडा टिकावा यासाठी उत्पादक सुरुवातीला थोडे जास्त घालतात. म्हणजे नव्या बाटलीत लेबलपेक्षा अधिक माल असणे हे फसवणुकीचे नव्हे, नित्याचे आहे. प्रत्यक्षात आकडे किती भरकटू शकतात हे २०२३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या तपासणीने दाखवले. झोपेसाठी विकल्या जाणाऱ्या मेलाटोनिनच्या २५ गमी-उत्पादनांपैकी २२ वरचे लेबल चुकीचे निघाले. ज्यांत मेलाटोनिन सापडले त्यांत ते लेबलच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत होते, आणि एकात तर ते सापडलेच नाही. मेलाटोनिन हे जीवनसत्त्व नव्हे, पण घडवण्याची रीत तीच आणि दुकानातले फडताळही बहुधा तेच. यातून एकच व्यवहारी निष्कर्ष निघतो: लेबलवरचा आकडा मर्यादेच्या अगदी जवळ असेल, तर ते उत्पादन लहान मुलासाठी निवडू नये.

यावर पहिला आक्षेप नेहमी येतो तो असा: ब आणि क जीवनसत्त्वे तर पाण्यात विरघळतात, जास्त झाली तर लघवीवाटे जातील. हे अर्धे खरे आहे, म्हणूनच ते खोडून काढायला अवघड जाते. शरीर जादाचे बाहेर टाकते, पण टाकण्याआधी ते ऊतींमधून फिरते. १९८३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सात प्रौढांची नोंद आली. ते ‘ब-६’ दिवसाला ग्रॅमांच्या हिशेबात घेत होते आणि त्यांच्या मज्जातंतूंना इतकी इजा झाली होती की त्यांना नीट चालताही येईना. पुढे कमी मात्रांवरही असे त्रास नोंदवले गेले, आणि २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रौढांसाठी ब-६ ची मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅमवर आणली. अमेरिकेत ती अजून १०० आहे. दोन जबाबदार संस्थांचे आकडे एवढे वेगळे असतील, तेव्हा शहाण्याने खालचा धरावा. बायोटिनची गोष्ट आणखी निराळी आहे. केसांसाठी म्हणून तरुण मुली ज्या गमी खातात, त्यांत ५००० मायक्रोग्रॅम बायोटिन असणे सर्रास आहे. प्रौढाची रोजची गरज सुमारे ३०. बायोटिनने थेट इजा होते असे दिसलेले नाही, पण ते रक्तातल्या काही तपासण्यांचे निकाल चुकवते. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी करतात त्या ट्रोपोनिन चाचणीचा आकडा त्यामुळे खोटाच कमी येऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये दिला, आणि त्यात अशा एका मृत्यूचा उल्लेख होता. शरीराला सोसणारी मात्राही अशी वेगळ्या मार्गाने महाग पडू शकते. रक्त तपासायला जाताना डॉक्टरांना ‘औषधे कोणती’ याचे उत्तर देताना गमीचे नाव घ्यायचे असते, आणि नेमके तेच राहते, कारण मनात तिची नोंद औषध म्हणून झालेलीच नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्या मुलांत कमतरता खरोखर आहेत; मग अतिरेकाची चिंता हे पोट भरलेल्यांचे लाड नव्हेत का? २०१६-१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी ४१ टक्के रक्तक्षयी आढळली, १८ टक्क्यांत ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता होती, १९ टक्क्यांत जस्ताची, १४ टक्क्यांत ‘ड’ची. हे आकडे दुर्लक्षिण्यासारखे मुळीच नाहीत. पण ते नीट पाहिले तर गमीची बाजू उलट कमकुवत होते. सगळ्यांत मोठी उणीव लोहाची आहे, आणि बहुतेक गमींमध्ये लोह नसते; त्याची धातूसारखी चव गोडव्यात लपत नाही. ज्या घरात ही कमतरता सर्वाधिक असते, तिथे काहीशे रुपयांची बाटली पोचत नाही. ती पोचते तिथे मूल आधीच वरण-भात, अंडे, दूध, जीवनसत्त्व घातलेले तेल आणि दुधातली पावडर घेत असते. अर्थात याला अपवाद आहेत: दूधही न घेणाऱ्या शाकाहारी मुलाला ब-१२, मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलाला डॉक्टरांनी तपासून सांगितलेले पूरक. गोळी तोंडात धरत नाही आणि गमी घेते, हा पालकांचा अनुभवही खराच. डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा रोज न चुकता पोटात जाणे ही मोठी गोष्ट आहे. गमी वापरावी, पण कारण ठाऊक असताना. ‘असू दे, ताकद येईल’ हे कारण नव्हे. आणि डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिलेली मोठी मात्रा ही वेगळीच गोष्ट आहे. जुलाबात मुलाला दिवसाला २० मिलिग्रॅम जस्त चौदा दिवस देतात. ते रोजच्या मर्यादेहून जास्त असते, पण मुदतबंद असते. चूक होते ती मुदत विसरल्यावर. ‘ड’ची ६०,००० आययूची आठवड्याची मात्रा चघळायच्या गोळीतही मिळते, ती कुणी रोजची समजून लहान मुलाला दिली, तर एका दिवसात त्याच्या मर्यादेच्या चोवीसपट जाते. ‘ड’च्या अतिरेकाने रक्तातले कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

तिसरा आक्षेप कायद्याचा आधार घेतो. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०१६ च्या नियमांनी या उत्पादनांतले प्रमाण आयसीएमआरच्या आकड्यांशी बांधले, लेबलवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापायला लावले, सांगितलेल्या मात्रेहून जास्त घेऊ नका आणि मुलांपासून दूर ठेवा, हे इशारे सक्तीचे केले. हे चांगलेच आहे. त्याच नियमांत आरोग्यपूरके पाच वर्षांवरील व्यक्तीच्या आहारासाठी आहेत, असेही म्हटले आहे. दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या हातात गमी देणाऱ्या किती जणांनी हे वाचले असेल? पण नियम एका बाटलीपुरता विचार करतो. घरात दोन बाटल्या असतील, एक आजीने दिलेली आणि एक आईने, तर बेरीज नियमाला दिसत नाही. परदेशातून आलेली बाटली त्याच्या कक्षेबाहेर. आणि मुलाने किती खाल्ल्या, हे कोणताच नियम मोजू शकत नाही.

या सगळ्यात मला सर्वाधिक काळजी वाटते ती गमीची नाही, तिच्या शेजारी ठेवलेल्या वस्तूची. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर स्त्रियांना मिळणारी लोह-फॉलिक ॲसिडची गोळी लाल रंगाची आणि साखरेचे आवरण असलेली असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. ती गोळी आईसाठी अत्यावश्यक आहे, तिच्याविषयी शंका नको. पण लहान मुलासाठी लोह हे खरे विष ठरू शकते. शरीराच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅमपासून त्रास सुरू होतो आणि ६० मिलिग्रॅमच्या पुढे जीव धोक्यात येतो. बारा किलोच्या मुलाला चार गोळ्यांत पहिली पायरी येते, बारा गोळ्यांत दुसरी. अमेरिकेत एकेकाळी लहान मुलांच्या विषबाधेतल्या मृत्यूंचे लोह हे आघाडीचे कारण होते, म्हणून १९९७ मध्ये तिथे लोहाच्या गोळ्यांवर ठळक इशारा सक्तीचा झाला. आता विचार करा: ज्या मुलाला रोज सकाळी ‘चल, चॉकलेट देते’ म्हणून फडताळावरून एक गोड, रंगीत गोळी मिळते, ते मूल त्याच फडताळावरची लाल, गोड गोळी काय म्हणून ओळखेल? घरातल्या मोठ्यांनी रोज प्रेमाने शिकवलेला धडा ते फक्त गिरवेल. म्हणून गमीची मात्रा सुरक्षित ठेवायची सुरुवात तिच्या नावापासून करावी. तिला चॉकलेट म्हणू नये, खाऊ म्हणू नये, बक्षीस म्हणून देऊ नये. ‘औषध’ म्हणावे, मूल रुसले तरी. मोठ्या माणसाने बाटलीतून मोजून काढावी, बाटली पुन्हा बंद करून औषधांच्या उंच कपाटात ठेवावी, आणि एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये. घरात ज्या-ज्या गोष्टींत जीवनसत्त्वे घातलेली आहेत, त्यांची लेबले एकदा शेजारी-शेजारी ठेवून रेटिनॉल, ‘ड’ आणि जस्त या तीन ओळींची बेरीज करावी. अर्ध्या तासाचे काम आहे आणि बहुतेक घरांत त्यानंतर एक तरी बाटली बंद होते. मोठी, स्वस्त पडणारी बाटली टाळून लहान घ्यावी, छत्तीस गोळ्यांमागचा विचार तोच होता. विदर्भातल्या मे महिन्यात जिलेटिनच्या गमी वितळून एक गोळा झाला असेल, तर तो तोडून अंदाजाने देऊ नये. गोळ्याच्या तुकड्याला मात्रा नसते. चार वर्षांखालच्या मुलाला चिकट गमी घशात अडकू शकते, तेव्हा त्या वयात डॉक्टरांनी पूरक सांगितलेच तर थेंब किंवा सिरप मागून घ्यावे.

आणि एवढे करूनही मूल एखाद्या दिवशी उघडी बाटली घेऊन बसलेले सापडले, तर आधी उरलेल्या गमी मोजाव्यात, बाटलीत किती होत्या ते पाहावे आणि लेबल हाताशी घ्यावे. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील, किती आणि कशाच्या. मुलाला बोटे घालून किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. लेबलवर लोह नसेल आणि संख्या थोडी असेल, तर डॉक्टरांना फोन करून ते सांगतील तसे करावे. लेबलवर लोह असेल, किंवा आईच्या लाल गोळ्यांचे पाकीट उघडलेले दिसत असेल, तर फोनवर वेळ न घालवता पाकिटासकट रुग्णालय गाठावे. राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. लोहाच्या विषबाधेत पहिल्या काही तासांत उलट्या-जुलाब होतात, मग मूल शांत होते, खेळायलाही लागते. ही शांतता सहा तासांपासून दिवसभरापर्यंत टिकू शकते, आणि त्याच वेळात लोह यकृतापर्यंत पोचत असते. त्यामुळे उलटी थांबली म्हणून अर्ध्या रस्त्यातून घरी परतू नये.